हौसेला रिबेट नाही

"हौसेला मोल नसतं" असं आपण म्हणतो. हौसेपुढे पैशाचा हिशोब करू नये, असा त्याचा अर्थ. सिंगापूरला हीच म्हण वेगळ्या अर्थाने खरी आहे. तो अर्थ कळायला इथे एखादी हौसेने सजवलेली, इंजिनाला जास्तीची ताकद दिलेली जपानी स्पोर्ट्स कार विकायला काढावी. मालकाने त्यात वीस-तीस हजार डॉलर ओतलेले असतात. सरकारदरबारी त्या खर्चाचं मोल शून्य, आणि डीलरच्या लेखी शून्याच्याही खाली, कारण "हे सगळं काढायला मलाच पैसे पडतील" असं तो म्हणतो. मग उरतो एकच मार्ग. आपणच जाहिरात द्यायची, आपणच गिऱ्हाईक शोधायचं आणि आपणच सौदा करायचा. या खाजगी विक्रीतून मला या देशाबद्दल जे कळलं ते मेट्रोतून आणि मॉलमधून कधी कळलं नसतं. म्हणून हा लेख.

तिकडच्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथे गाडी विकत घेता येते, पण ती रस्त्यावर ठेवायचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागतो. त्या हक्काच्या कागदाला सीओई म्हणतात. 1990 साली ही पद्धत सुरू झाली. सरकार ठरवतं की या महिन्यात इतक्या नव्या गाड्या चालतील, आणि तेवढ्या कागदांचा लिलाव होतो. कागदाची मुदत दहा वर्षं. त्याचा भाव बाजार ठरवतो. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये, जगभर मंदी असताना, लहान गाड्यांचं सीओई चक्क 2 डॉलरला गेलं होतं. हो, दोन! कोपऱ्यावरच्या टपरीवर कॉफी प्यायला गेलं तरी साधारण तेवढेच लागतात. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाड्यांचं सीओई 1,50,001 डॉलरला गेलं. सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे साठ-सत्तर रुपये धरा, म्हणजे एक कोटीच्या आसपास. एवढ्यात गाडीचं चाकसुद्धा येत नाही बरं का. हा फक्त कागद.

त्याशिवाय गाडीच्या आयात किमतीवर आणखी एक नोंदणी कर असतो. गाडी दहा वर्षांच्या आत मोडीत काढली किंवा देशाबाहेर पाठवली, तर त्या कराचा काही भाग परत मिळतो. किती मिळतो ते गाडी कोणत्या वर्षी नोंदली त्यावर ठरतं, आणि अलीकडच्या वर्षांत सरकारने त्याला कात्री लावली आहे. सीओईचे न वापरलेले महिनेही हिशोब करून परत मिळतात. हे दोन्ही परतावे मिळून जी रक्कम होते तिला इथले लोक "पेपर व्हॅल्यू" म्हणतात. उरलेला सांगाडा, म्हणजे इंजिन, दरवाजे, काचा, ती "बॉडी". म्हणजे गाडीचे दोन भाग: कागद आणि बॉडी. त्यात कागद महाग आणि बॉडी स्वस्त.

हे मी सांगलीच्या मामांना फोनवर समजावत होतो. मामांनी आयुष्यात दोन गाड्या विकल्या, दोन्ही ओळखीतल्या माणसाला आणि दोन्ही वेळा चहा पिता पिता. ते म्हणाले, "अरे, म्हणजे तुमच्याकडे गाडी विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. घरमालक सरकार."

"मामा, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत," मी म्हटलं.

खरंच तसंच आहे. इथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघितल्या तर किमतीच्या शेजारी आणखी एक आकडा ठळक दिसतो: "डिप्रिसिएशन, वर्षाला इतके डॉलर". आपल्याकडे "सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली" असं लिहितात. इथे गाडी वर्षाला किती पैसे खाईल ते आधी लिहितात. गिऱ्हाईकही तोच आकडा बघतं. गाडी कोणी कशी वापरली, तेल वेळेवर बदललं का, हा प्रश्न नंतरचा. कारण दहा वर्षांनी ती मोडीतच जायची हे सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. जिला मरणाची तारीख आधीच ठरलेली, तिची जपणूक कोण करणार?

पण असे लोक आहेत! आणि ते बहुतेक करून जपानी स्पोर्ट्स कारवाले आहेत.

या गाड्यांची गोष्ट मजेशीर आहे. 1989 पासून जपानी कंपन्यांमध्ये एक सभ्य करार होता की कोणीही 280 अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकदीची गाडी आपल्या देशात विकायची नाही. हा करार 2004 साली संपला. त्या पंधरा वर्षांत तिथल्या इंजिनियरांनी काय केलं? कागदावर 280 लिहिलं, आणि इंजिनाचा ठोकळा, क्रँक, टर्बो यांत भरपूर जागा शिल्लक ठेवली. निसानची स्कायलाइन जीटी-आर, मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा, टोयोटाची सुप्रा, या गाड्यांची इंजिनं म्हणजे अभ्यास न करता पहिल्या वर्गात पास होणारी मुलं. थोडी शिकवणी लावली की बोर्डात येतील असं प्रत्येकाला वाटतं. ती शिकवणी म्हणजे मॉडिफिकेशन. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम, खाली बसवणारं सस्पेन्शन, वजनाला हलकी चाकं. एक लावलं की दुसरं लागतं, दुसरं लावलं की तिसरं. हे लग्नाच्या खरेदीसारखं आहे, थांबायचं कुठे ते कोणी सांगत नाही.

यातल्या बऱ्याच गाड्या इथे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून येत नाहीत. पॅरलल इम्पोर्टर म्हणून वेगळे व्यापारी आहेत, ते जपानच्या बाजारासाठी बनलेली गाडी परस्पर आणतात. त्यामुळे तिच्यात जपानीपण शिल्लक असतं. रस्ता दाखवणारी बाई जपानीत बोलते. रेडिओ 76 ते 90 मेगाहर्ट्झवरच ऐकू येतो, कारण जपानचा एफएम पट्टा तेवढाच होता. सिंगापूरची बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. वेगाला 180 किलोमीटरचं कुलूप असतं. आणि ही गाडी चालवायची कुठे? अशा देशात, जो पूर्व-पश्चिम जेमतेम पन्नास किलोमीटर आहे आणि जिथे एक्सप्रेसवेवर वेगाची सर्वात मोठी मर्यादा ताशी 90 आहे! रेसिंगचा कायमचा ट्रॅक देशात नाही. चांगीला एक बांधायचं ठरलं होतं, ते काम 2012 साली बारगळलं. मरीना बेला 2008 पासून रात्रीची फॉर्म्युला वन होते, पण ती बघायची, आपली गाडी तिथे घालता येत नाही. म्हणून हे लोक रविवारी पहाटे उठून मलेशियात जातात, सेपांगच्या ट्रॅकवर. जाताना सीमेवर टाकी किमान पाऊण भरलेली दाखवावी लागते, तिकडच्या स्वस्त पेट्रोलचा मोह होऊ नये म्हणून. हौशी माणूस तेही करतो.

मला आधी हा प्रकार शुद्ध वेडेपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. इथे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माणाच्या इमारतींमध्ये राहतात. घरं चांगली आहेत, पण सगळी एका साच्यातली. दार तेच, खिडकी तीच, खालचं फूड सेंटरही तसंच. प्रत्येक गोष्ट कोणीतरी आधीच विचार करून ठरवलेली. अशा ठिकाणी एखाद्याला एक तरी वस्तू स्वतःच्या मनासारखी करावीशी वाटली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्याकडे ट्रकवाला मागे शेर लिहितो, रिक्षावाला आरशाला गोंडे लावतो. जात एकच, फक्त खर्चाचे शून्य वेगळे.

सरकारने या हौसेला कुंपण घातलं आहे आणि ते योग्यच आहे. वाहतूक खात्याने मॉडिफिकेशनचे तीन गट केले आहेत. काही बदलांना परवानगी लागत नाही, उदाहरणार्थ ठराविक मापातली चाकं किंवा गाडीतला म्युझिक सिस्टिम. काहींना आधी मंजुरी लागते, जसं इंजिन बदलणं, टर्बो बसवणं, एक्झॉस्ट बदलणं. आणि काही सरळ बंद, जसं नायट्रस ऑक्साइड किंवा चेसिसची कापाकापी. विनापरवाना बदल सापडला तर हजारोंचा दंड, आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. शिवाय गाडी तीन वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी तपासणी, दहा वर्षांची झाली की दरवर्षी. त्या तपासणीच्या आदल्या रात्री सिंगापुरातल्या कितीतरी गॅरेजांत एक्झॉस्टची अदलाबदल चालते, हे उघड गुपित आहे.

आता विक्रीकडे वळतो. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने 2022 साली आपली लान्सर इव्होल्यूशन विकली. (त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या बायकोला खर्चाचे खरे आकडे अजून माहीत नाहीत.) गाडी 2007 ची. दहा वर्षं झाल्यावर त्याने ती मोडीत न काढता 2017 साली सीओई आणखी दहा वर्षांसाठी वाढवून घेतलं होतं, त्या वेळच्या सरासरी भावाने, म्हणजे सुमारे पन्नास हजार डॉलरला. असं वाढवलं की नोंदणी करातला परतावा कायमचा जातो आणि रोड टॅक्सवर दरवर्षी जास्तीचा भार चढतो. तरी त्याने वाढवलं. मग मूल झालं, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसेना, कडक सस्पेन्शनने बाळ झोपेना. गाडी विकायची ठरली. मी मेकॅनिकलवाला म्हणून मला सोबत घेतलं.

कागदाचा हिशोब सोपा होता. पाच वर्षं शिल्लक, म्हणजे पन्नास हजारांतले पंचवीस हजार परत. ही गाडीची जमीन, याच्याखाली किंमत जाणार नाही. गंमत अशी की त्या वर्षी नव्या सीओईचा भाव लाखाच्या वर गेला होता, त्यामुळे जुन्या भावात घेतलेली शिल्लक पाच वर्षं बाजारात सोन्यासारखी झाली होती. त्यात पुन्हा मित्सुबिशीने ही गाडी बनवणंच 2016 साली थांबवलेलं. म्हणजे गिऱ्हाईक होतं. तरी डीलरकडे गेलो तर तो बोनेट उघडायलासुद्धा उठला नाही. नोंदणीची तारीख विचारली, कॅल्क्युलेटर दाबला आणि पेपर व्हॅल्यूवर थोडी रक्कम सांगितली. सहकारी म्हणाला, "टर्बो नवा आहे, सस्पेन्शन नवं आहे, सगळ्या पावत्या आहेत." डीलर म्हणाला, "ते सगळं काढून घेऊन जा, मला ओरिजिनल आणून द्या. भाव तोच राहील." मला त्याचा राग नाही आला. तो कागदाचा व्यापारी. त्याला बॉडीशी काय देणंघेणं?

म्हणून खाजगी विक्री. इथे पहिला वाद उभा राहतो तो हा की गाडी आहे तशी विकायची, की सगळं मूळचं परत बसवून? हिशोबी लोक दुसरं सांगतात. सुटे भाग वेगळे विकले तर त्यांचे पैसे वेगळे येतात, आणि मूळ रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर म्हणून जाड भिंतींची एक खोली असते. हौशी माणसाच्या घरी त्यात युद्धाच्या तयारीऐवजी गाडीचा मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंगा आणि मूळ चाकं ठेवलेली असतात. सहकाऱ्याकडे सगळं जपून ठेवलेलं होतं.

माझं मत इथे स्पष्ट आहे. सुटे भाग परत बसवण्यात काहीच गैर नाही. पण तसं करून "गाडी कधी उघडलीच नाही" असं सांगणं ही लबाडी आहे, आणि ती फक्त पैशाची लबाडी नाही. जास्त दाबाने हवा कोंबलेलं इंजिन हजारो किलोमीटर चाललं की त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लच, गिअरबॉक्स यांनी तो ताण सोसलेला असतो. टर्बो काढून जुना लावला म्हणून ते सगळं तरुण होत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने गोळ्यांची बाटली लपवली म्हणून आजार जात नाही, तसं. घेणाऱ्याला ही गोष्ट कळलीच पाहिजे, कारण तो त्यात बायकोमुलांना बसवणार आहे. शिवाय विमा कंपनीला बदल सांगितलेले नसले तर अपघातानंतर ती हात वर करू शकते. म्हणजे लपवलेल्या एका पावतीचं बिल कोणाच्या तरी अंगावर भलत्या वेळी येऊ शकतं.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. 2012 च्या सप्टेंबरपासून सिंगापूरमध्ये "लेमन लॉ" आहे. दुकानदाराने सदोष वस्तू विकली तर दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. जुन्या गाड्यांनाही तो लागू आहे, पण विकणारा व्यापारी असेल तरच. दोन साध्या माणसांमधल्या खाजगी सौद्याला तो लागू नाही. म्हणजे ज्या गाडीबद्दल खरं सांगायची गरज सर्वात जास्त, तीच गाडी अशा वाटेने विकली जाते जिथे खरं सांगायची सक्ती सर्वात कमी! या एका विसंगतीसाठी मी हा लेख लिहायला बसलो.

सहकाऱ्याने त्यावर स्वतःचा उपाय केला. त्याने एक फाईल बनवली. कुठला भाग कधी बसवला, कोणी बसवला, किती किलोमीटरवर, मंजुरीचं पत्र आहे का, किती वेळा ट्रॅकवर गेली, क्लच कधी बदलला. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं, चारही आकडे लिहिले. ज्या एक्झॉस्टला मंजुरी नव्हती तो काढून मूळचा बसवला आणि तेही लिहिलं. "ट्रॅकवर अकरा वेळा" हे वाचून कोण घेणार, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "जो हे वाचूनही घेईल, त्यालाच मला विकायची आहे."

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. इमारतीच्या बहुमजली पार्किंगमध्ये संध्याकाळी दर्शन. पहिला प्रकार मेसेजवाल्यांचा: नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "लास्ट प्राइस?" दुसरा प्रकार चक्कर मारायला येणाऱ्यांचा. यांना गाडी घ्यायचीच नसते, फुकटात एकदा टर्बोची शीळ ऐकायची असते. सहकारी त्यांना शेजारी बसवायचा, किल्ली द्यायचा नाही. तिसरा प्रकार फोटो काढून मित्रांना पाठवणाऱ्यांचा. मंडईत भाव विचारत फिरणारे लोक जगात सगळीकडे सारखेच.

एके दिवशी बाप-लेक आले. मुलगा बावीस-तेवीसचा, लष्करी सेवेची दोन वर्षं नुकतीच संपवलेली, लायसन्स मिळून वर्ष झालेलं नाही. इथे अशा चालकाला काचेवर एक नारिंगी त्रिकोण लावावा लागतो. मुलाला गाडीचा पार्ट न पार्ट पाठ! इंजिनाचा कोड, टर्बोचा नंबर, सगळं. बाप स्लीपर घालून आलेला, टॅक्सी चालवणारा. त्याने गाडीकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं, आणि सहकाऱ्याला एकच प्रश्न विचारला: "तुझा मुलगा असता तर दिली असतीस?"

मुलगा मागितलेली पूर्ण किंमत द्यायला तयार होता. बापाने साठवलेले पैसे, आणि उरलेलं कर्ज. सहकारी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. पहिली गाडी म्हणून नाही. दोन वर्षं साधी गाडी चालव, मग माझ्याकडे ये, ट्रॅकवर मी घेऊन जातो." मुलगा चिडला. कायद्याने त्याला गाडी घ्यायचा पूर्ण हक्क होता, आणि नाही म्हणणारा हा कोण? बापाने मात्र जाताना सहकाऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला.

गाडी पुढे तीन आठवड्यांनी गेली, एका चाळिशीतल्या माणसाकडे. तो स्वतःचं स्कॅनर घेऊन आला, फाईल तासभर वाचत बसला, गाडी तपासणी केंद्रात नेऊन स्वतंत्र रिपोर्ट घेतला आणि त्या मुलाच्या आकड्यापेक्षा साडेतीन हजार कमी देऊन घेऊन गेला. डीलरच्या आकड्यापेक्षा मात्र बरेच जास्त. सौद्याचा शेवटचा भाग दहा मिनिटांचा. विमा आधी घेणाऱ्याच्या नावाने, बँकेचा कॅशियर्स ऑर्डर हातात, मग दोघांनी आपापल्या मोबाईलवर सरकारी ओळखपत्राने संमती दिली, आणि गाडी त्याची झाली. दंड झाला तर त्याचा, टोल कापला तर त्याचा, अपघात झाला तरी त्याचा.

ही दहा मिनिटं बघून मला आपल्याकडची पद्धत आठवली. आपल्याकडे गाडी विकताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून देतात, पुष्कळदा कोऱ्या फॉर्मवर. पैसे मिळाले, किल्ली दिली, पेढा खाल्ला, विषय संपला. आर.सी. वर नाव तेच. मध्ये एक एजंट, तो गाडी दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. आणि मग कुठेतरी रात्री अपघात होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अगदी हेच प्रकरण ऐकलं. गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर होती. न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी आपल्या ताब्यात नाही, आपण ती वर्षानुवर्षं पाहिलीही नाही, याने फरक पडत नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता झाली. मग म्हणाले, "माझी दुसरी गाडी अजून माझ्याच नावावर असेल का रे?" वाचकहो, हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून बघा. बऱ्याच घरांत याचं उत्तर "असेल बहुतेक" असं आहे.

मॉडिफिकेशनबद्दलही आपला कायदा ढिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल चालत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तसंच स्पष्ट केलं. सीएनजी किट बसवलं तर त्याची नोंद आर.सी. वर होते, ती पद्धत उत्तम आहे. पण बाकी बदलांचं काय? बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर पोलिसांनी पकडला की रोडरोलरखाली घालतात, फोटो पेपरात येतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नवा मिळतो. जो बदल आवाज करतो तो पकडला जातो. जो बदल शांतपणे ब्रेकची आणि सस्पेन्शनची वाट लावतो, तो तसाच पुढच्या मालकाच्या गळ्यात पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सिंगापूरने गाडीवर जे निर्बंध घातले त्याच्या मी विरोधात नाही. इतक्याशा बेटावर ते नसते तर इथेही हडपसरसारखा किंवा अंधेरीसारखा चक्का जाम झाला असता. माझी तक्रार वेगळी आहे. सगळं मोल कागदात ठेवलं की वस्तूची काळजी घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि हयगय करणाऱ्याचं काहीच जात नाही. दोघांनाही तेवढाच रिबेट! मग लोक वस्तूबद्दल खोटं बोलायला शिकतात, कारण खऱ्याला भाव नसतो. त्यावर मोठा कायदा करायची गरज नाही. गाडीत केलेला प्रत्येक महत्त्वाचा बदल आणि प्रत्येक मोठी दुरुस्ती गाडीच्या सरकारी नोंदीत लिहिली जावी, ती नोंद गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी, आणि सौदा खाजगी असला तरी ती लपवणाऱ्यावर जबाबदारी यावी. ज्या देशात दहा मिनिटांत मालकी बदलते तिथे ही फाईल ठेवणं अवघड नाही. आणि जिथे सीएनजी किटची नोंद आर.सी. वर होते तिथेही अवघड नाही.

तोपर्यंत ही फाईल विकणाऱ्यानेच ठेवायची. ती ठेवल्याने पैसे जास्त मिळतील असं मी म्हणणार नाही, सहकाऱ्याला साडेतीन हजार कमीच मिळाले. पण तुमची जुनी गाडी, मग ती मारुती असो, बुलेट असो की इव्होल्यूशन, उद्या कोणाचा तरी मुलगा चालवणार आहे. त्याच्या बापाने तुम्हाला तो प्रश्न विचारला नाही तरी उत्तर तयार ठेवा. आणि हो, आर.सी. वरचं नाव बदललं की नाही, ते आजच्या आज तपासा. मामांनी तपासलं. बदललेलं नव्हतं.